भांड्यात मांस, खिशात गाजर

प्रश्न थोडक्यात : इंदूरचे एक ६९ वर्षांचे निवृत्त गृहस्थ लिहितात, की त्यांच्या घरी चार वर्षांची, २८ किलो वजनाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या सुनेने तिचे वरण-भात-पोळी बंद करून तिला कच्च्या मांसावर ठेवले. हाडांसकट कोंबडी, थोडी कलेजी आणि थोडे गुर्दे असे दिवसाला ६०० ग्रॅम ती वजनकाट्यावर मोजून देते. भाजी किंवा फळ मात्र अजिबात देत नाही, कारण कुत्रा हा मांसाहारी प्राणी आहे, असे तिचे म्हणणे आहे. गृहस्थांना हे पटत नाही. सकाळी फिरवून आणल्यावर ते कुत्रीला खिशातली दोन गाजरे, पपईची एक मोठी फोड आणि अर्धे केळे गुपचूप भरवतात. ती इतक्या आवडीने खाते, म्हणजे तिच्या शरीराला त्याची गरज असणारच, असे त्यांना वाटते. मागच्या पंधरवड्यात सुनेला कुत्रीच्या विष्ठेत गाजराचे केशरी तुकडे दिसले आणि गुपित फुटले. "फळभाज्यांवाचून तिची प्रकृती बिघडणार नाही का? की माझ्याच हातून तिचे नुकसान होत आहे?" असे त्यांनी विचारले आहे. घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि तीन पिढ्यांत या घरात मांस आले नव्हते, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

प्रिय काका,

ज्या केशरी तुकड्यांनी तुमचे गुपित फोडले, तिथूनच सुरुवात करते, कारण या वादाचा निम्मा निकाल त्यांनीच देऊन टाकला आहे. जे गाजर जसे गिळले तसेच बाहेर पडले, त्याने कुत्रीचे काही बिघडवले नाही आणि काही घडवलेही नाही. कुत्र्याचा जबडा वर-खाली हलतो, गाई-म्हशींसारखा आडवा फिरत नाही. त्यामुळे तो घास चावून बारीक करत नाही, फाडतो आणि गिळतो. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर (एन्झाइम) जवळजवळ नसतेच, आणि वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजचे जे आवरण असते ते फोडण्याचे साधन त्याच्या पचनसंस्थेत नाही. तुम्ही प्रेमाने दिलेल्या गाजरातले बरेचसे सत्त्व त्या आवरणाच्या आतच राहिले आणि दुसऱ्या दिवशी अंगणात जाऊन पडले. सूनबाईंना त्यात अपायाचा पुरावा दिसला, तुम्ही त्यात पोषण पाहत होता. खरे तर तो दोन्हींचा पुरावा नाही.

आता मूळ प्रश्न. कुत्र्याला फळे-भाज्या लागतात का, याचे सरळ उत्तर "नाही" असे आहे, पण त्यावर सूनबाईंनी लगेच खूश होऊ नये. शरीराला लागतात ती पोषकद्रव्ये; ती कोणत्या पदार्थातून आली याची नोंद शरीर ठेवत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या पोषणगरजांचा जो तपशील प्रसिद्ध केला, त्यात प्रथिने, अमिनो आम्ले, स्निग्धाम्ले, खनिजे आणि जीवनसत्त्वे यांच्या मात्रा दिलेल्या आहेत. प्रौढ कुत्र्यासाठी पिष्टमय पदार्थांची किमान मात्रा मात्र नाही. फळभाजीवाचून माणसाचे हाल होतात ते प्रामुख्याने 'क' जीवनसत्त्वामुळे, कारण आपले शरीर ते तयार करू शकत नाही. कुत्रा ते स्वतःच्या यकृतात तयार करतो. म्हणून संत्रे-मोसंबे मिळाले नाही तर तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागेल, ही भीती तुम्ही मनातून काढून टाका. आपल्या ताटाचे नियम तिच्या भांड्याला लावणे ही फार प्रेमळ, पण फार जुनी चूक आहे.

ती आवडीने खाते म्हणजे तिला गरज आहे, हे तुमचे दुसरे गृहीतक. दुसऱ्या एखाद्या जातीच्या कुत्र्याबद्दल ते मी थोडे तरी ऐकून घेतले असते. लॅब्रॅडॉरबद्दल अजिबात नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ व वजन ही दोन्ही अधिक असतात. माझ्याकडे एकदा एका लॅब्रॅडॉरच्या पोटातून पायमोजा आणि दोन खोडरबरे निघाली होती. त्याच्या शरीराला खोडरबराची गरज होती, असे त्याच्या मालकांनीही म्हटले नाही. शिवाय दोन गाजरे, पपईची फोड आणि अर्धे केळे मिळून जवळजवळ १५० कॅलरी होतात. बेताचा व्यायाम असलेल्या २८ किलोच्या कुत्रीला दिवसभरात १२०० कॅलरींच्या आसपास लागतात, आणि मुख्य जेवणाबाहेरचे खाणे एक दशांशाच्या वर जाऊ नये असा आम्हा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. तुम्ही त्याच्या थोडे पुढे गेला आहात, आणि सूनबाईंना ते ठाऊक नसल्यामुळे त्या काट्यावर ६०० ग्रॅम मोजून निर्धास्त आहेत. नुकसान म्हणायचेच असेल तर ते इतकेच आहे.

सूनबाईंच्या बाजूचा युक्तिवाद असा, की कुत्रा म्हणजे माणसाळलेला लांडगा आणि लांडगा काही भाजी खात नाही. यातली दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत. मोठ्या सावजाचे रवंथाचे पोट फाडल्यावर लांडगे आतला चारा झटकून टाकतात, तो खात नाहीत, हे निरीक्षण सूनबाईंच्या बाजूचे आहे. लांडगा सावजाच्या पोटातली "भाजी" खातो असे सांगत फिरणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. पण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात लांडगे उन्हाळ्यात ब्लूबेरी खातात आणि ती ओकून पिल्लांनाही भरवतात, हेही अभ्यासकांनी पाहिले आहे. इतक्या लांब जायचे नसेल तर आपल्या माळव्यातला कोल्हा पाहा. बोरे पिकली की तो बोरे खातो, आणि "कोल्हा काकडीला राजी" ही म्हण आपल्या भाषेत काही उगाच पडलेली नाही. श्वानकुळातले हे प्राणी मांस पहिल्या पसंतीने खातात आणि फळ मिळाले तर सोडत नाहीत.

राहिला प्रश्न माणसाळण्याचा. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा स्वादुपिंडात पिष्ट पचवणारे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. हजारो वर्षे आपल्या उष्ट्या-खरकट्यावर वाढल्याची ही खूण आहे. तेव्हा आठ महिन्यांपूर्वीपर्यंतचे तिचे पोळी-भात खाणे म्हणजे काही निसर्गाविरुद्धचा गुन्हा नव्हता. त्यात प्रथिने कमी पडत असतील, ही तक्रार मात्र रास्त असू शकते. आणखी एक गोष्ट सूनबाईंच्या हिशेबातून सुटते. रानातला प्राणी सावज खातो ते केस, कातडी, पिसे आणि कुर्चा यांसकट खातो, आणि न पचणारा तो भाग आतड्यात बऱ्याच अंशी चोथ्याचे काम करतो. दुकानातून येते ती सोललेली, पिसे उपटलेली, स्वच्छ धुतलेली कोंबडी. निसर्गाची नक्कल करायची तर ती इतकी निवडून करता येत नाही.

म्हणून सूनबाईंना मी भाजीबद्दल विचारण्याआधी भांड्याबद्दल विचारीन. त्यांच्या मोजमापावरून दिसते, की त्या ८०-१०-१० या प्रचलित प्रमाणाने चालल्या आहेत : ६०० ग्रॅममध्ये ४८० ग्रॅम मांस, ६० ग्रॅम हाड आणि ६० ग्रॅम अवयव, त्यांतली निम्मी कलेजी. कलेजी ३० ग्रॅमवरच थांबवणे योग्यच आहे, कारण तिच्यात 'अ' जीवनसत्त्व इतके असते की जास्तीचे साचत जाऊन अपाय करते. पण हे प्रमाण हा केवळ ठोकताळा आहे, पोषणाचा तक्ता नव्हे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो, आणि शरीराला कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने लागते; ती तूट हाडाने भरून निघते, पण कोंबडीच्या कोणत्या तुकड्यात हाड किती, हे काट्यावर कळत नाही. मानेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हाड असतो, छातीच्या तुकड्यात ते बरेच कमी असते. शिवाय रोज एकट्या कोंबडीवर राहिलेल्या कुत्रीला जस्त, मँगेनीज, आयोडीन, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्व यांची तूट पडण्याचा धोका असतो, आणि ती बाहेरून दिसायला महिने लागतात. भाजीने यातले मँगेनीज आणि थोडे 'ई' जीवनसत्त्व मिळेल, मॅग्नेशियम मिळेल, आणि आतड्यातल्या जिवाणूंना आंबवायला चोथा मिळेल. जस्त, आयोडीन आणि 'ड' जीवनसत्त्व यांच्या बाबतीत भाजीचा उपयोग नाही. तुमची गाजरे ज्या उणिवेवर औषध म्हणून तुम्ही देत आहात, ती उणीव असलीच तर दुसऱ्याच ठिकाणी आहे.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. कच्च्या आहाराला १९९३ नंतर ज्यांनी जगभर लोकप्रिय केले, त्या ऑस्ट्रेलियाच्या इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यांच्या पद्धतीत भाज्यांचा लगदा पहिल्यापासून होता. भाजी पूर्ण वगळणारा पंथ त्यांच्यापासून वेगळा. तेव्हा "कच्चा आहार म्हणजे भाजी बंद" हे समीकरण कच्च्या आहारवाल्यांनाही एकमताने मान्य नाही, एवढे तुम्ही सूनबाईंना खुशाल सांगा. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००५ मधील एका अभ्यासात आठवड्यातून निदान तीनदा भाजी खाणाऱ्या स्कॉटिश टेरियर कुत्र्यांत मूत्राशयाच्या एका कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले होते, विशेषतः पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्या खाणाऱ्यांत. तो अभ्यास या रोगाकडे मुळातच कल असलेल्या एका जातीचा होता आणि मालकांच्या आठवणीवर आधारलेला होता, म्हणून त्यावरून लॅब्रॅडॉरला हमी देता येत नाही. माझे मत विचाराल तर : गरज नाही, पण थोडी, शिजवून वाटलेली भाजी देण्यात फायद्याची शक्यता आहे आणि तोटा जवळजवळ नाही. मी माझ्या कुत्र्याला देते.

ती कशी द्यायची, हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे चुकले ते इथेच. लाल भोपळा, ज्याला इंदुरात आपण सगळे कद्दूच म्हणतो, तो सर्वांत उत्तम; त्याशिवाय गाजर, दुधी, दोडका, फरसबी. फोडी पाण्यात किंवा वाफेवर मऊ शिजवाव्यात, मीठ-तिखट-फोडणी न घालता मिक्सरमधून पार गुळगुळीत वाटाव्यात. दुधी आणि काकडी देण्यापूर्वी स्वतः एक फोड चाखून पाहावी. कडू लागली तर ती माणसाला जशी अपायकारक तशीच कुत्र्यालाही, सबंधच टाकून द्यावी. पहिले तीन-चार दिवस एक चमचा, मग वाढवत वाढवत दिवसाला ५० ते ६० ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक लहान वाटी, आणि तितक्या अंदाजाने मुख्य खाण्यात थोडी काटछाट. विष्ठेकडे लक्ष ठेवा : पांढरट, कोरडी, भुरभुरीत असेल तर हाड जास्त होत आहे, आणि त्यावर भोपळा वाढवण्याआधी हाड कमी करावे. सैल झाली तर भाजी निम्मी करा. फळ द्यायचेच असेल तर पपईच्या बिया-साल काढलेल्या दोन-तीन लहान फोडी पुरेत. केळे बंद करा, चिकूही नको. बोर, आंबा, सीताफळ यांच्या बिया-कोयी आतड्यात अडकतात. पावसाळ्यात घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो, तेव्हा किसून उरलेले बुरखुंड कुत्र्याला चघळायला देणारी मंडळी मी दर वर्षी पाहते, आणि त्यांतल्या एखाद्याचे पोट फाडून ते काढावे लागते.

तुमच्या पत्रात नसलेली, पण मला तुमच्या गाजरांपेक्षा अधिक काळजीची वाटणारी एक गोष्ट विचारते. सकाळच्या पोह्यांतला घास तिला मिळतो का? इंदूरच्या घरात तो मिळत नसेल तर नवल. पोह्यांत कांदा असतो, आणि कांदा-लसूण कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका, म्हणजे तुमच्या कुत्रीला १४० ग्रॅमच्या आसपास कांदा एकदम पोटात गेला तर विषबाधेची भीती असते, आणि रोजच्या थोड्या-थोड्यानेही अंगातले रक्त कमी होऊ शकते. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरा तिला देऊ नये. चिंचेचेही तेच, द्राक्षांतला संशयित घटक टार्टारिक आम्ल हा चिंचेत भरपूर असतो. म्हणजे चिंच-गुळाची आमटी कालवलेला भातही नको. गराडू, शेव, कचोरी यांच्याबद्दल काही लिहीत नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

आता कच्च्या मांसाबद्दल. तुम्ही त्याविषयी विचारले नाही, पण नातवाचा उल्लेख केला आहे, म्हणून मला गप्प बसता येत नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असणे ही नेहमीची बाब आहे. फ्रीजरमध्ये ते सगळे मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. निरोगी कुत्री ते पचवून जाईलही, पण तिच्या तोंडातून, भांड्यातून, विष्ठेतून ते घरात पसरतात, आणि घरात एक दीड वर्षाचे मूल व एक ६९ वर्षांचे आजोबा आहेत. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात कुत्र्यांच्या पायांतली शक्ती जाण्याच्या एका दुर्मीळ आजाराचा संबंध कच्च्या कोंबडीशी, त्यातही मानेच्या तुकड्यांशी जोडला गेला. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, उघड्या दुकानातून आणलेल्या मांसाचे काय होत असेल ते सांगायला नको. माझा स्वतःचा कल या घरासाठी तरी मांस शिजवून देण्याकडे आहे : बिनहाडाचे मांस, अंडे, थोडी शिजवलेली मासळी, थोडा भात, भोपळ्याचा लगदा, आणि हाडाऐवजी मोजून कॅल्शियम. शिजवलेले हाड मात्र कधीही नाही, ते टोकदार फुटते. सूनबाईंना कच्चेच द्यायचे असेल तर मांस फ्रीजच्या तळकप्प्यातच विरघळू द्यावे, सुरी-पाट वेगळा ठेवावा, भांडे गरम पाण्याने-साबणाने लगेच धुवावे आणि जेवल्यावर तासभर तरी कुत्रीला नातवाचे तोंड चाटू देऊ नये. आणि एकदा तरी सगळा तक्ता लिहून पशुवैद्याकडे न्यावा; महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

काका, तुमचे पत्र दोनदा वाचले. प्रश्न गाजराचा आहे, पण पत्रातला सर्वांत जड शब्द "तीन पिढ्यांत" हा आहे. खिशातले गाजर थोडेसे त्या फ्रीजरला दिलेले उत्तरही असेल, असे मला वाटून गेले. माझे चुकत असेल तर सोडून द्या. घरात मांस येण्याचा त्रास होणे यात काहीच गैर नाही, पण तो त्रास सुनेला त्रास म्हणूनच सांगावा, कुत्रीच्या जीवनसत्त्वांच्या आडून नको. फ्रीजर मागच्या पडवीत हलवणे, मांस कापण्याची वेळ तुमच्या पूजेच्या आधीची न ठेवणे, अशा गोष्टी बोलून सहज सुटतात. सूनबाईंकडूनही एक अपेक्षा आहे. जी मुलगी सासरच्या कुत्रीसाठी आठ महिने न चुकता रोज काटा काढून बसते, तिला सासऱ्यांचे गाजर त्याच काट्यावर चढवायला फारसे जड जाऊ नये. भाजी शिजवून, वाटून, मोजून देण्याचे काम तुमच्याकडे ठेवा आणि मांसाचे त्यांच्याकडे.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. वर्षाच्या आतल्या पिल्लांना, त्यातही मोठ्या जातींच्या, घरी मोजलेल्या कच्च्या आहारावर ठेवू नये. कॅल्शियमची चूक त्यांच्या हाडांत कायमची उतरते. ज्यांच्या कुत्र्याला कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे झाले आहेत, त्यांनी पालक, चुका आणि बीट टाळावे. डाल्मेशियन पाळणाऱ्यांनी कलेजी-गुर्द्यांचा हात आखडता घ्यावा, कारण त्या जातीला युरिक आम्लाचे खडे होतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला फळेही विचारूनच द्यावीत.

तुमच्या पत्रातले २८ किलो हे वजन केव्हाचे आहे, तेवढे लिहिलेले नाही. या आठवड्यात जवळच्या दवाखान्यातल्या काट्यावर ते एकदा पाहून घ्या, लगदा सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा पाहा, आणि मला कळवा. तोवर अंगणात केशरी तुकडे दिसलेच, तर समजा की मिक्सर आणखी थोडा फिरवायला हवा होता.